लोणावळ्याच्या पुढचा फोटो

आमचे घरमालक फोटो काढताना स्टेशनांची नावं घेत. भिंगावरचं झाकण काढलं की ‘पुणे’ म्हणायचे आणि मग एका लयीत भांबुर्डे, खडकी, दापोडी, पिंपरी असे पुढे सरकत राहायचे. ऊन चांगलं असेल तर चिंचवडला झाकण बसे. आभाळ भरलेलं असेल तर तळेगाव. देवळाच्या गाभाऱ्यातला फोटो असेल तर थेट लोणावळा. लोणावळ्याच्या पुढे मात्र ते कधी जात नसत. “जे यायचं ते लोणावळ्यापर्यंत येतं. पुढे घाट आहे, काच जळते,” एवढंच त्यांचं म्हणणं. उजेड जास्त झाला की निगेटिव्हची काच काळी पडते, त्याला ते जळणं म्हणत.

भांबुर्ड्याचं शिवाजीनगर होऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. मी एकदा सहज तसं सुचवलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “शिवाजीनगर म्हणायला जास्त वेळ लागतो. फोटो बिघडेल.” 

या सवयीमुळे सगळं चिंचवड त्यांना स्टेशनमास्तर म्हणायचं. प्रत्यक्षात ते कुठल्याशा लहान स्टेशनावर तिकिटं द्यायला होते आणि ती नोकरी त्यांनी फार पूर्वीच सोडली होती. का सोडली, असं विचारलं तर म्हणायचे, “खिडकीतून नुसते हात दिसायचे. माणूस दिसायचा नाही.” पण फोटोच्या धंद्यातही त्यांची फारशी सोय झाली नव्हती. त्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली आणि पाय वर. वर्षानुवर्षं तसं बघून त्यांना माणसं पायांवरून ओळखायची सवय लागली होती. मी समोरून आलो तर ते आधी माझ्या चपलांकडे बघत आणि मग “या कारकून” म्हणत. नवीन चपला घेतल्या तेव्हा दोन दिवस माझ्याशी परक्यासारखे वागले.

मी कऱ्हाडहून पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात कारकून म्हणून आलो आणि त्यांच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली. पन्नास सालानंतरचे ते दिवस. मुंबई रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असायची आणि त्या ज्वारीतून मधेच एखादं धुराडं वर आलेलं दिसायचं. सकाळी भोंगा झाला की शेताच्या बांधावरून माणसं डबे घेऊन कामावर निघत. त्यांच्यातल्या निम्म्यांनी आदल्या संध्याकाळी बैलांना वैरण टाकलेली असे. नोकरी लागली की या मंडळींना फोटो हवा असायचा. मास्तरांकडे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. पण गिऱ्हाईक टिकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे ते कोणाला हसू देत नसत. “हसू हालतं,” म्हणायचे. पापणी हालली तर बाईमाणसालासुद्धा परत पाठवायचे. दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे रिटच. पुण्यातले फोटोग्राफर तेव्हा निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिल फिरवून काळ्याला गोरा आणि खप्पड गालाला गुबगुबीत करून द्यायचे. त्याला रिटच म्हणत. मास्तरांना त्या शब्दाचासुद्धा विटाळ होता. मोल्डिंग खात्यात लागलेला एक शेतकऱ्याचा मुलगा लग्नाआधी फोटो काढून गेला. त्याच्या तोंडावर देवीचे व्रण होते. फोटो न्यायला बाप आला आणि फोटो बघून हिरमुसला.

“मास्तर, तेवढं व्रण काढून द्या. पोरीकडच्यांना दावायचा हाय.”

“व्रण देवीचे आहेत. मी कोण काढणारा?”

“पुण्यात काढत्यात की.”

“मग पुण्यात जा.”

बाप फोटो तिथेच टाकून गेला. मास्तरांनी तो चौकटीत बसवून दुकानाच्या काचेत लावला, सगळ्या रस्त्याला दिसेल असा. त्यात खुन्नस नव्हती. फोटो खरोखरच उत्तम आला होता. पण तो मुलगा रोज कामावर जाताना त्या काचेसमोरून सायकल जोरात मारत जायचा, हे मी स्वतः बघितलेलं आहे.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्यांच्या घरात काकूंचा म्हणून एकच फोटो होता. त्यात तुळशीवृंदावन इतकं स्वच्छ आलं होतं की मंजिऱ्या मोजाव्यात, आणि त्याच्या शेजारी एक पांढरा फराटा होता. तो फराटा म्हणजे काकू. “मी हालते म्हणे,” काकू आमच्या हिला सांगायच्या. “संसार काय बसून होतो का?”

पण मास्तरांचा खरा जीव माणसांच्या फोटोंत नव्हताच. रविवार आला की ते कॅमेरा सायकलला बांधून दगड शोधायला निघायचे. पुण्यातले पुतळे, खडकीच्या गोऱ्यांच्या कबरी, देहूच्या वाटेवरच्या समाध्या, गावांच्या वेशीतले वीरगळ. भर बाजाराच्या दिवशी, भर चौकात ते कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं करायचे. भिंगापुढे एक काळपट काच लावायचे, म्हणजे वेळ पुष्कळ लागावा, आणि सावकाश लोणावळ्यापर्यंत जायचे. तेवढ्या वेळात जी माणसं, टांगे, बैलगाड्या समोरून गेल्या त्यांतलं काचेवर काही उमटत नसे. फोटोत रिकामा चौक, त्यात पुतळा, आणि फार तर पायथ्याशी निजलेलं एखादं कुत्रं. असे कितीतरी फोटो त्यांनी मला दाखवले. सगळीकडे लख्ख ऊन आणि कुठेही माणूस नाही. आमच्या हिने ते एकदाच बघितले आणि म्हणाली, “प्लेगात गाव सोडल्यासारखं वाटतं हो.”

मी त्यांना म्हटलं, “मास्तर, त्या दिवशी तिथे केवढी गर्दी होती. भाजीवाल्या होत्या, हमाल होते.”

“असते तर आले असते,” मास्तर म्हणाले. “राहिलं ते आलं.”

मला हा माणूस थोडा निर्दय वाटायचा. आवडायचाही. दोन्ही एकदम वाटायला काही हरकत नसते.

निगडीच्या अलीकडे रस्त्यालगत एक गाव होतं. त्याच्या फाट्यावर, लॉऱ्या थांबत तिथे, कमरेएवढा एक दगड उभा होता. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव असे दगड बसवले होते. या गावातून इतकी माणसं लढाईला गेली, इतकी परत आली नाहीत, एवढाच मजकूर. नावं नाहीत. या दगडावर परत न आलेल्यांचा आकडा एक होता. गावकरी दर वर्षी पोळ्याला बैलांच्या निमित्ताने त्यालाही चुना फासत, त्यामुळे अक्षरं बुजत चालली होती.

त्या दगडाला टेकून एक म्हातारी शेंगांची पाटी घेऊन बसायची. लॉरीवाले तिच्याकडून शेंगा घेत. तिला सगळे शेंगावाली म्हणत. तो परत न आलेला एक जण म्हणजे तिचा नवरा, हे गावाला माहीत होतं. पण त्याचं नाव आता कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याच्या बरोबरीचे मरून गेले होते, भावकीतलं कोणी उरलं नव्हतं, आणि नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची पद्धत नसल्याने तिने ते जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. सून नाही, नातू नाही. त्याचा फोटो असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

कारखाने वाढले तसा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि तो दगड आखणीच्या दोरीत आला. मुकादम म्हणाला, मैलाचा दगड असेल, फोडून खडीत टाकू. त्या दिवशी म्हातारी पाटी तिथेच टाकून सरपंचाच्या दारात जाऊन बसली.

सरपंच मनाने चांगला माणूस. तो माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला, कारण पुण्याच्या कचेरीला अर्ज इंग्रजीतून लागायचा आणि मला टाइप करता यायचं. कचेरीचं उत्तर आलं की दगड स्मारकाचा आहे याचा पुरावा म्हणून, अक्षरं वाचता येतील असा फोटो पाठवावा. तसं असल्यास दगड सरकारी खर्चाने शाळेच्या आवारात हलवता येईल. रस्त्याचं काम त्या फाट्यापासून फार लांब राहिलेलं नव्हतं. मास्तरांकडे मोठ्या आकाराची काच तेवढी एकच शिल्लक होती. नवीन काचा मुंबईहून यायच्या आणि त्या कधी येतील ते कोणी सांगू शकत नव्हतं.

माझी सुट्टी असल्याने मीही बरोबर गेलो. मास्तरांनी कॅमेरा लावला आणि सवयीने भिंगापुढे काळपट काच बसवली. सरपंच म्हातारीला म्हणाला, “आजी, जरा बाजूला व्हा. सरकारला दगुड पायजे, तुमी न्हाई.”

म्हातारी उठली. पदर सारखा केला. दगडाला पूर्ण वळसा घालून त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसली आणि मास्तरांना म्हणाली, “आमचा जोडीचा काढा.”

“जोडीचा?”

तिने दगडावर हात ठेवला. “लग्नात न्हाई काढला. तवा कोण काढीत हुतं? ह्यो बी आता जानार. एक असू द्या आमचा.”

सरपंच काही बोलणार होता. मास्तरांनी हात वर केला. “ती हालणार नाही,” ते म्हणाले. “तिला राहू दे.” एवढं बोलून त्यांनी काळ्या कापडात डोकं घातलं.

मग त्यांनी झाकण काढलं आणि सुरुवात केली. पुणे, भांबुर्डे, खडकी. रस्त्यावरून दोन लॉऱ्या गेल्या, एक मेंढरांचा कळप गेला. म्हातारी बसली होती ती दगडाइतकीच स्थिर. असं बसणारं माणूस मास्तरांना आयुष्यात मिळालं नसावं. कामशेत, मळवली, लोणावळा. मास्तरांनी बसवायला झाकण उचललं.

ओठ जवळजवळ न हालवता म्हातारी म्हणाली, “म्होरं?”

“लोणावळ्याला संपतं, आजी.”

“त्यो ममईला गेल्ता. बोटीवर.”

मास्तर झाकण हातात घेऊन उभे राहिले. काच जळणार हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पापणी हालली म्हणून नवऱ्या मुलींना परत पाठवणारा हा माणूस. मला वाटलं, आता ते झाकण बसवतील. पण त्यांनी घसा साफ केला आणि पुढे चालू लागले. खंडाळा, कर्जत, नेरळ. कल्याणला त्यांचा आवाज बारीक झाला. ठाणे, दादर, भायखळा. बोरीबंदर म्हणाले आणि झाकण बसवलं. म्हातारीने श्वास सोडला. सरपंचाला यात काय झालं ते कळलं नाही आणि मलाही त्या वेळी सगळं कळलं असं नाही.

काच धुतली तेव्हा व्हायचं तेच झालं होतं. म्हातारी कशीबशी वाचली होती, पण चुना फासलेल्या दगडाचं तोंड पार जळलं होतं. त्यावरून छापलेल्या फोटोत दगड कोऱ्या कागदासारखा पांढरा दिसला असता. एकही अक्षर नाही. मी म्हटलं, “मास्तर, आता?” त्यांनी काच उजेडाला धरली. काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “सगळी नावं घेतलीत. आता ती बाई कुठे टेकेल ते सांगा.”

मास्तरांनी काच खिडकीशी उभी करून ठेवली. त्यांना ते लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “चला, फाट्यावर जाऊ. कॅमेरा घ्या.” मी म्हटलं, काच तर नाही, मग कॅमेरा कशाला? ते सायकलवर बसलेसुद्धा.

फाट्यावर त्यांनी कालच्याच जागी कॅमेरा लावला आणि म्हातारीला बोलावलं. “आजी, आत बघा.” ती कापडाखाली वाकली. बाहेर तिच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या, भेगाळलेल्या, मातीने भरलेल्या. मास्तर त्यांच्याकडे बघत होते.

“दिसतंय का?”

“दिसतंय. उलटं हाय.”

“उलटंच दिसतं. आत तुम्ही आणि ते, दोघंच आहात. बाहेर आम्हाला काही दिसत नाही.” मग ते हळू आवाजात म्हणाले, “नाव घ्या.”

कापड हाललं नाही. एक लॉरी थांबली, ड्रायव्हरने शेंगांसाठी हाक मारली, मी त्याला हाताने थांब म्हटलं. मास्तरांनी वाकून कान कापडाजवळ नेला होता. मी काही पावलं मागे सरकलो. ते ऐकणं माझं काम नव्हतं. थोड्या वेळाने म्हातारी बाहेर आली, डोळ्यांवर ऊन आल्यामुळे हात आडवा धरला आणि पाटीकडे जाऊन ड्रायव्हरला शेंगा मापून दिल्या.

त्यानंतर दोन दुपारी मास्तर खिडकीशी बसून काचेवर सुरीचं टोक फिरवत होते. जळलेल्या काळ्या भागावर खरवडलं की फोटोत तिथे काळी रेघ येते. अक्षरं उलटी काढावी लागतात, पण उलटं बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. दगडावरचा मजकूर मी अर्जासाठी जसाच्या तसा उतरवून घेतला होता, तो कागद त्यांनी समोर ठेवला होता. व्रण देवीचे आहेत म्हणणारा माणूस सुरी घेऊन अक्षरं कोरतोय, हे बघणं मला जड गेलं. त्यांनाही जात असावं, कारण त्या दोन दिवसांत त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं नाही आणि दुकानही उघडलं नाही.

फोटो छापला तेव्हा मी वाचला. मजकूर जसाच्या तसा होता. फक्त शेवटी, परत न आलेल्या एकाच्या खाली, एक ओळ जास्त होती. त्या ओळीत एक नाव होतं.

“मास्तर, ही ओळ दगडावर नाही.”

“नाही,” ते म्हणाले.

सरपंचाने फोटो न वाचताच पाकिटात घातला.

पुढे कचेरीतून ओव्हरसियर आले, बरोबर पाथरवट आणि बैलगाडी. गाव गोळा झालं. साहेब नेमस्त माणूस, हातात फोटो धरून त्यांनी दगड चाचपला. मग थबकले. “शेवटची ओळ कुठे आहे?”

सरपंच वाकला. त्याने एकदा फोटो बघितला, एकदा दगड, आणि मग म्हातारीकडे बघितलं. त्याच्या ध्यानात सगळं आलं, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. “चुन्यात बुजली आसंल, साहेब,” तो म्हणाला. पाथरवटाने चुना खरवडला. खाली नुसता दगड होता.

साहेबांनी मास्तरांना पुढे बोलावलं. “फोटो तुम्ही काढलात?”

“हो.”

“यात रिटच वगैरे काही केलंय?”

 मला माहीत होतं की हा माणूस खोटं बोलू शकत नाही. त्याला ते जमतच नाही. आणि खरं बोलला असता तर पुरावाच खोटा ठरून दगड खडीत गेला असता. म्हातारी दगडाच्या डाव्या अंगाला उभी होती. मास्तरांनी साहेबांच्या बुटांकडे बघितलं.

तेवढ्यात गर्दीतून एक जण पुढे आला. मोल्डिंग खात्यातला, तोंडावर देवीचे व्रण असलेला. पाळी संपवून तो तसाच आला होता, हात काळे होते.

“साहेब, ह्यांना काय इचारता? मला इचारा,” तो म्हणाला. “माझ्या तोंडाकडं बगा. माझा बाप ह्यांच्या हातापाया पडला, तेवढं व्रण काढा म्हणून. न्हाई काढलं. वर आमचा फोटू काचंत लावला. सगळ्या रस्त्यानं बगितला. ह्यो मानूस रिटच करनार?”

लोक हसले. दोघा-तिघांनी व्हय व्हय म्हटलं. एका बाईने आपली लेक डोळे मिटले म्हणून तीन वेळा परत पाठवल्याचं सांगितलं. साहेबही हसले. त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहिलं की ऊन-पावसाने झिजलेली शेवटची ओळ छायाचित्राबरहुकूम पुन्हा कोरून घ्यावी. पाथरवटाने छिन्नी काढली.

मास्तर तिथे थांबले नाहीत. सायकल हातात धरून पायीच चिंचवडला गेले. रात्री जेवले नाहीत, असं काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेतून त्या मुलाचा फोटो उतरवलेला होता. मला वाटलं, आता त्याला व्रण काढून देणार. तसं काही नव्हतं. त्यांनी तो कागदात गुंडाळून त्याच्या घरी जाऊन दिला. व्रणांसकट. दोघांत काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण त्यानंतर तो सायकल हळू मारायला लागला.

जोडीचा फोटोही त्यांनी म्हातारीला नेऊन दिला. मास्तरांनी पुढे पुष्कळ वर्षं फोटो काढले. स्टेशनांची नावंही घेतली, पण चिंचवडच्या उन्हात असोत की देवळाच्या गाभाऱ्यात, लोणावळ्याच्या पुढे गेले नाहीत.  माझी बदली झाल्यावर मी चिंचवड सोडलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्या बाईने ते आयुष्यात एकदाच, कापडाखाली घेतलं, तिच्यापुढे जाऊन ते छापायचं मला बरं वाटत नाही. आणि लिहायची तशी गरजही नव्हती. जायच्या आधी मी एकदा त्या शाळेवरून गेलो होतो. दगड आवारात, लिंबाखाली बसवला होता. म्हातारी आता पाटी घेऊन तिथेच बसत होती. मधल्या सुट्टीत बिगरीतली पोरं शेंगा घ्यायला यायची. त्यांना नुकतंच वाचायला येऊ लागलं होतं आणि दिसेल ते मोठ्याने वाचायची हौस होती. दगडावर बोट ठेवून एकेक पोरगं शेवटची ओळ अक्षर अक्षर जुळवत म्हणायचं. एकाचं चुकलं की दुसरं आणखी मोठ्याने म्हणायचं. म्हातारी शेंगा मापत होती आणि ऐकत होती.